नाव पुसून दिलेली विद्या

विद्या दिल्याने वाढते, हे आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले. पण ती कोणाकडून आली आणि कोठे लागू पडत नाही, हेही तिच्यासोबत द्यावे लागते काय, हा प्रश्न आम्हांस सेवानिवृत्तीनंतर, तोही स्वतःच्या चुकीमुळे पडला.

आमची सारी नोकरी दप्तर लावण्यात गेली. सहा गठ्ठ्यांची पद्धत, कायम राखावयाची 'अ' वर्गातील कागदपत्रे, प्रत्येक नस्तीला क्रमांक, ही शिस्त अंगात मुरलेली. त्यामुळे सिल्वासातील परिचित शिक्षकांनी विज्ञानाच्या पाठांचे साहित्य लावून देण्याची विनंती केली, तेव्हा ती आम्ही आनंदाने स्वीकारली. चित्रफिती, कृतिपत्रिका, छायाचित्रे असे सारे इंटरनेटवरील एका सामायिक फोल्डरमध्ये पडलेले होते. होते सर्व, सापडत काही नव्हते. आम्ही इयत्ता व घटक यांनुसार विभाग पाडले, फाइलींची लांबलचक नावे आखूड केली. त्या सफाईत करणाऱ्यांची नावे गेली आणि कडेची टिपणेही गेली.

त्यांतले एक टिपण खानवेलकडील एका बाईंचे होते. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा साधा प्रयोग. खाली लिहिले होते, जून ते सप्टेंबर करू नये. आपल्याकडचा पावसाळा वाचकांस सांगावयास नको. दमट हवेत फुग्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार टिकत नाही. एका तरुण शिक्षकाने आमच्या सुबक यादीतून तो प्रयोग नेमका जुलैत केला. कपटे हलले नाहीत. मुले हसली, त्याचे त्यास फारसे वाटले नाही, पण "सर, हे पुस्तकातच होते का?" असे एका मुलीने विचारले, ते लागले. खुलासा कोणास विचारावा, तर फाइलीवर नावच नव्हते.

अनामिकतेचा आपल्याकडे मोठा गौरव आहे. जात्यावरच्या ओव्यांना कर्ती नाही. वारली घरांतील लग्नाच्या चौकाखाली सवाशिणीने सही केली नाही. हे आम्ही स्वतःच्या समर्थनार्थ बरेच दिवस घोळवले. पण चौक लिहिणारी बाई शेजारच्या पाड्यावरच राहत होती; तिला जाऊन विचारता येत होते. नाव लिहिण्याची गरजच नव्हती, कारण ते सर्वांस ठाऊक होते. इंटरनेटला पाडा नाही.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणारे अरविंद गुप्ता यांनी हजारो पुस्तके, त्यांत मराठीही, आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इतक्या उदारपणे दिलेल्या पुस्तकांवरही लेखकांची नावे आहेतच. 2002 पासून चालत आलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांतही बहुधा पैसा मागितला जात नाही, श्रेय मागितले जाते. आम्हांस पूर्वी हा थोडा अहंकार वाटे. आता वाटते, श्रेय हा मोबदला असेल किंवा नसेल, तो पत्ता मात्र नक्कीच आहे. चूक निघाली तर कोणाच्या दारी जावे, याचा.

क्षमा मागण्यास आम्ही बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "साहेब, नावाचे राहू द्या. पावसाळ्याचे का काढलेत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. टापटीप दिसावी म्हणून, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

त्यांस नाव नको असताना ते घालावे काय, हा प्रश्न आमच्यापुरता अद्याप सुटलेला नाही. तूर्त त्यांच्या संमतीने केवळ शाळा ज्या भागात आहे तो भाग लिहिला आहे आणि पावसाळ्याची सूचना शीर्षकातच घातली आहे. अन्य फाइलींचे कर्ते एकेकास विचारून शोधीत आहोत. काहींचा पत्ता लागत नाही. तेथे 'नाव संकलकाने काढले' एवढे लिहून ठेवले आहे.