विंचू आणि कावळा : दोन वेदनांचा बोध



संतांनी परमार्थ सांगताना घरादाराभोवती वावरणारे जीवच दृष्टांतासाठी निवडले. शांतिब्रह्म एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड आणि ज्ञानेश्वर माउलींची कावळ्याची विराणी या दोन रचना शेजारी ठेवून पाहाव्यात. विंचवाला माणूस भितो, कावळ्याला हाकलतो. संतांनी मात्र एकाला व्याधीचे रूप दिले आणि दुसऱ्याला दूताचे.

इ. स. १५९९ मध्ये पैठण येथे समाधिस्थ झालेल्या नाथांच्या भारुडातील विंचू म्हणजे काम-क्रोध. त्याचा दंश होताच तमोगुणाचा घाम सुटतो, प्राण कासावीस होतो. सोंग पाहून श्रोते हसतात आणि हसता हसता हा दंश आपल्यालाही झाला आहे, हे त्यांना उमगते. तमोगुण मागे सारून सत्त्वगुण अंगी लावावा, हा नाथांचा उतारा. तरीही उरलेला दाह शांत होतो तो सद्गुरू जनार्दनस्वामींच्या कृपेने.

इ. स. १२९६ मध्ये आळंदी येथे संजीवन समाधी घेतलेल्या माउलींच्या विराणीत वेगळीच तळमळ आहे. कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही आपल्याकडील जुनी समजूत. विरहिणी त्याला शकुन विचारते. त्याचे पाय सोन्याने मढविण्याचे वचन देते. दहीभात, दूध पुढे करते. ज्याची ती वाट पाहत आहे, तो पाहुणा म्हणजे साक्षात पंढरीचा राणा.

वेदना दोन्हीकडे आहे. विकारातून उठलेली वेदना उतरवावी लागते. प्रेमातून उठलेली जपावी लागते. पहिली जीवाला स्वतःभोवतीच फिरविते, दुसरी त्याला देवाच्या वाटेकडे पाहावयास लाविते.

दर्शनाच्या रांगेत उभे असताना प्रत्येकाने मनाला विचारावे, आज मला येथे कोणत्या वेदनेने आणले? पुढच्याचा धक्का लागून राग उसळला, तर विंचू अजून अंगावर आहे असे समजावे. दान करताना नावाची अपेक्षा डोकावली, तर विरहिणीचे स्मरण करावे. सोने देऊ करूनही तिने मागितली ती केवळ भेटीची वार्ता.

दंशाने व्याकूळ होऊन आलेल्यालाही हे द्वार मोकळेच आहे. परतताना मात्र त्याने विरहिणीची ओढ सोबत न्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ रामकृष्णहरि ॥