ताण दे, देवा

देवा, नियम तुझा नाही, हे मला ठाऊक आहे. तू कधी कुणाला सांगितलं नाहीस की बाई गं, लिहायचंच तर मुळाक्षरांच्या क्रमानं लिही, अ झाल्यावर आ, क झाल्यावर ख, आणि अख्ख्या कवितेत 'मी' कुठं येऊ देऊ नकोस. हे बंधन माझं मीच घालून घेतलं. आणि आता ते पाळायचं बळ तुझ्याकडे मागायला बसले आहे. हसू येत असेल तुला. हस बापा, पण दे.

मोकळं सोडलंस तर मी फार बोलते. माझं दुःख, माझी आठवण, माझी संध्याकाळ. मोर्शीवर पडणारा पाऊससुद्धा मी माझा करून टाकते. सिंभोऱ्याच्या धरणात साठणारं पाणी किती गावांचं, किती वावरांचं, पण माझ्या कवितेत ते येतं तेव्हा काठावर मीच उभी, आणि पाण्यात दिसते तीही मीच. म्हणून तो शब्द मी बाहेर ठेवला. ही प्रार्थना तेवढी नियमात धरू नकोस. इथं 'मी' म्हटल्याशिवाय माझा लहानपणा तुझ्यापुढं मांडू कसा?

धीर दे. शब्द दे. नाहीच दिलास तर गप्प बसायची अक्कल दे.

तुझे उपकार, की मला या तालुक्यात ठेवलंस. रिद्धपूर आमच्याच तालुक्यातलं. तेराव्या शतकात तिथं तुझी लेक महदंबा गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. प्रभूंच्या मनानं लग्नाचा खेळ घेतला, तेव्हा महदंबेनं धवळे म्हटले, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे, तिथल्या तिथं जुळवत. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात ते या धवळ्यांमुळे. पण माझा जीव गुंतलाय तो तिच्या 'मातृकी रुक्मिणीस्वयंवरा'त. लग्न तेच, पण ओव्या मुळाक्षरांच्या ओळीनं. जिच्या तोंडून गाणं आपसूक वाहत होतं, तिनं हा क्रम आपल्यावर का लादून घेतला असेल? पंडितांना दाखवायला म्हणावं, तर ती त्यातली वाटत नाही. मला वाटतं, तुझ्या लग्नाच्या पंगतीतून एकही अक्षर उपाशी उठू नये, एवढंच तिच्या मनात असावं. तुला खरं काय ते माहीत. मला सांगू नकोस. मला माझंच वाटणं बरं आहे.

आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. तिथं शिकणाऱ्या लेकरांना सांभाळ. त्यांच्या वहीत महदंबा नुसती परीक्षेचं उत्तर होऊन राहू नये.

क्रम धरला, देवा, तेव्हा मला ङ, ञ, ण, ळ यांची आठवणच नव्हती. क सोपा, म तर घरचाच. पण ङ नं सुरू होणारा शब्द आणू कुठून? शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात कमळ आणि खटारा आपापल्या अक्षराशी ऐटीत असायचे. ण मात्र बाणाच्या शेपटाला आणि ळ बाळाच्या शेवटी. या अक्षरांना कुणी पुढं बसवत नाही. तरी 'वाङ्मय' एवढा भारदस्त शब्द, त्याच्या पोटात ङ गुपचूप आपलं काम करतोच. अशा अक्षरापाशी आले की मी खोळंबते. दुपार जाते, चहा निवतो, घरातली माणसं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. तरी खोळंबून राहण्याच्या त्या वेळेबद्दल तुझे आभार मानते. एरवी या अक्षरांकडे मी पाहिलंच नसतं.

पाहायला लाव. थांबायला लाव.

बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४) तुला आठवत असतील. तुझी किती रामायणं लिहिली त्यांनी! लोक एकशेआठ म्हणतात, आणि प्रत्येकात नवी अट. त्यातलं 'निरोष्ठ रामायण' मनात आलं की मी हात जोडते. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ लागायचा नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. मग रामाचं नाव कसं घ्यायचं? म तर ओठांचा! रामाची सगळी कथा सांगायची आणि राम म्हणायचं नाही, असं पंतांनी स्वतःला बांधून घेतलं. शास्त्री लोक याला कसरत म्हणोत. मला मात्र त्यात तुझ्या दारापर्यंत येऊन हाक न मारता उभा राहिलेला भक्त दिसतो. त्यांनी तुझं नाव ओठांवर येऊ दिलं नाही, आणि मला माझा एवढासा 'मी' सोडवत नाही.

सोडव. तूच सोडव. 'मी' काढल्यावर ओळीत जी जागा उरते तिथं दुसरं कुणी येऊ दे, शेजारीण, ढोर, पाऊस, कुणीही. तू आलास तर ठीकच.

कशासाठी हा सोस, असं विचारलंस तर मी तुला बगीच्यात नेईन. डिसेंबरात आमच्याकडे संत्र्याचं पाणी तोडतात. विहिरीला पाणी आहे, तरी द्यायचं नाही. पानांची चमक जाते, ती मलूल होतात, काही गळतात. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, अरे पाजा त्या झाडाला! पण बगीचेवाला रोज फेरी मारतो, पान हातात घेऊन पाहतो आणि तसाच परत येतो. हलकी जमीन असेल तर ताण लवकर बसतो, भारी असेल तर वाट पाहावी लागते. मग आळी करून, खत घालून पाणी सोडलं की काही दिवसांत झाड पांढरं होतं, आणि वाटेनं जाणाऱ्याला वास अडवतो. हा आंबिया बहार. मला तसा ताण दे, देवा. पण माझी जमीन बघून दे. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात, झाडावर नुसती सल राहते, हेही मी पाहिलं आहे.

भीती आहे ती त्याचीच. नियम पाळला एवढ्यावरच मी खूष होते. शेजारच्या अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या लिहिणाऱ्यांपुढं सगळं उघड करून ठेवलं: मतला, काफिया, रदीफ, अलामत. शिकले मी. वृत्त चुकत नाही, काफिया जुळतो, आणि शेर मेलेला असतो. हे मला कळतं, आणि तरीही कुणी म्हणालं की काय अवघड नियम पाळता हो तुम्ही, की आतून गुदगुल्या होतात. कवितेत 'मी' कुठंच नाही, आणि हा नियम पाळते ती मी, हे मात्र सगळ्यांना कळावंसं वाटतं! बघ कसा मागच्या दारानं आत येतो तो. तुला हे नवीन नाही. तुझ्यापाशी बोलून टाकलं, एवढंच.

त्याला पुन्हा बाहेर काढ. येईल तेव्हा तेव्हा काढ.

ज्या बायांनी जात्यावर बसून जुळवलं आणि कधी कागदावर उतरवलं नाही, त्यांच्या पायाशी मला जागा दे. जी माणसं आज ताणात आहेत आणि ज्यांचा ताण त्यांनी स्वतः निवडलेला नाही, त्यांना आधी पाणी दे. माझं नंतर बघ.

आज ळ ची पाळी आहे. दुपारभर बसेन, आणि संध्याकाळी तुझ्याकडे सूट मागेन, गोड बोलून मागेन, हे अक्षर कुणी पहिलं ठेवतं का, म्हणून वाद घालीन. देऊ नकोस.