अनुपान

मासळीबरोबर पांढरी वाइन आणि मटणाबरोबर तांबडी, एवढा एक नियम आता आपल्याकडच्या पुष्कळ घरांतून ठाऊक झाला आहे. तो कुठून आला, का आला, याची विचारपूस सहसा कुणी करीत नाही. पाहुण्याने चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात, तितक्याच सहजपणे तो पाळला जातो. आपल्या राज्याचीही या बाबतीत मोठी मौज आहे. १९४९ चा दारूबंदीचा कायदा इथे अजून अस्तित्वात आहे, आणि त्याच राज्याने २००१ साली द्राक्षांपासून वाइन करण्याच्या धंद्याला उत्तेजन देणारे धोरण आखले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यावी असे मंत्रिमंडळाने ठरवताच केवढा गदारोळ उठला, तो वाचकांच्या स्मरणात असेल. असा हा पाहुणा अर्धा घरात आणि अर्धा दाराबाहेर आहे. त्याला पानापर्यंत आणून बसवला म्हणजे काही प्रश्न निघतात, आणि ते सगळेच जिभेचे नसतात.

आमच्या पाच कुटुंबांचा जुना घरोबा आहे. महिन्यातून एकदा आळीपाळीने कुणाच्या तरी घरी रात्री जेवायला जमायचे, स्वयंपाक घरचाच असायचा, आणि ज्यांना चालते त्यांनी एखादी बाटली आणायची, असा रिवाज पडून गेला आहे. बाटल्या दोन आणि घेणारे सहा-सात, तेव्हा कुणाचे पाऊल वाकडे पडावे इतकी चैन होत नाही. आमच्यातले एक स्नेही वाइनचे खरे जाणकार आहेत. नाशिककडच्या द्राक्षमळ्यांतून ते पुष्कळ हिंडले आहेत, आणि पेला नाकाशी नेऊन ते जे सांगतात ते बहुधा खरे निघते. एकदा बेत तांबड्या रश्श्याचा होता. करणाऱ्या वहिनींचे माहेर कोल्हापूरचे. स्नेह्यांनी शिराझ आणली होती. दोन घोट घेतल्यावर ते अगदी सौजन्याने म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी तिखटाचा हात जरा आखडता घ्या. म्हणजे ही वाइन खुलेल." वहिनींनी त्यांच्या वाटीत आणखी एक पळी रस्सा घातला आणि म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वेळी बाटली बदला."

सगळे हसले आणि गोष्ट दुसरीकडे वळली. माझ्या मनातून मात्र ती जाईना. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. मग माघार कुणी घ्यायची? ज्याला एखाद्या गोष्टीतले अधिक कळते त्याला, ज्यांना कमी कळते त्यांच्या घरात, त्यांच्या चुलीपाशी, कितपत बोलण्याचा हक्क पोचतो?

आमच्यातलेच दुसरे एक गृहस्थ म्हणतात की यात कळण्यासारखे मुळी काही नाहीच. ज्याची त्याची आवड. बाकी सारे ढोंग. त्यांच्या हाताशी दाखलेही आहेत. २००१ साली बोर्दोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली, आणि त्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनला शोभेल अशा शब्दांत केले. २००८ साली कॅलिफोर्नियात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून लोकांना चाखवली. महाग म्हटलेली त्यांना अधिक आवडली. हे दाखले खरे आहेत आणि जाणकारांनी ते अधूनमधून आठवावेत हे बरे. पण त्यांवरून एवढेच निघते की माणसाची जीभ फसते. डोळाही फसतो, म्हणून दिसते ते सगळे भास ठरत नाही.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली रुचीच्या निकषावर जो निबंध लिहिला, त्यात त्याने 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाचे दोन नातेवाईक वाइनची पारख करण्यात तरबेज होते. एका पिंपातली वाइन त्यांना दाखवली तेव्हा दोघांनीही ती चांगली म्हटली. मात्र एक म्हणाला, किंचित चामड्याची चव आहे, आणि दुसरा म्हणाला, किंचित लोखंडाची. लोकांनी दोघांची टर उडवली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली.

या गोष्टीला अलीकडे एक गमतीचे शेपूट जोडले गेले आहे. तांबड्या वाइनबरोबर मासळी खाल्ली की तोंडात कधीकधी नकोसा उग्र वास उरतो. असे का होते याचा छडा २००९ साली जपानी संशोधकांनी लावला. वेगवेगळ्या वाइन शिंपल्यातल्या मांसाबरोबर चाखून पाहता, ज्या वाइनमध्ये लोहाचा अंश अधिक तिच्याबरोबर तो वास अधिक, असे त्यांना आढळले. म्हणजे सांचोच्या आप्ताने लोखंडाची तक्रार केली तेव्हा त्याची जीभ थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. आणि मासळीबरोबर पांढरी वाइन हा नियमही निव्वळ साहेबी शिष्टाचार नव्हे. मात्र तो रंगाचा नियम नसून लोहाचा आहे. लोह कमी असलेली तांबडी वाइन बांगड्याबरोबर सुखाने नांदू शकेल.

तेव्हा स्नेह्यांचे शास्त्र बरोबर होते हे मान्य केले पाहिजे. मद्यार्काने तिखटाची आग वाढते. द्राक्षाच्या सालीतला आणि बियांतला तुरटपणा तिखटापुढे अधिकच खरखरीत लागतो. शिराझ आणि तांबडा रस्सा यांचे भांडण जिभेवर खरोखरच होते. पण याच ह्यूमने तरुणपणी आणखी एक गोष्ट दाखवून ठेवली आहे: अमुक 'आहे' असे म्हणता म्हणता लेखक केव्हा अमुक 'असावे' म्हणू लागतात, ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. रस्सा आणि शिराझ भांडतात, इथपर्यंत शास्त्र पोचते. त्यांतून रश्श्याने नमावे हा निष्कर्ष शास्त्र काढीत नाही. तो आपण आपल्या पदरचा घालतो, आणि घालताना महागाची वस्तू मोठी आणि घरची धाकटी, हे गृहीत धरून चालतो.

वास्तविक या नियमांची जन्मकथा पाहिली तर कुणीच कुणाला हुकूम केलेला दिसत नाही. युरोपातल्या एखाद्या खोऱ्यात तीच माणसे द्राक्षे लावीत, तीच डुकरे पाळीत, तीच चीज करीत. शेकडो वर्षे एकाच टेबलावर राहून ताट आणि पेला एकमेकांच्या वळणाचे झाले. आपल्याकडे हा शेजार अजून कोवळा आहे. नारायणगावला वाइन होऊ लागली ती १९८० नंतरच्या दशकात, आणि नाशिकचा जम बसला तो २००० नंतर. आपले तिखट त्याहून जुने असले तरी तेही मूळचे इथले नव्हे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, आणि आज तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. त्याच पोर्तुगीजांनी वाइन आणि लसूण यांत मांस मुरवण्याची आपली रीत गोव्यात नेली. तिथल्या चुलीने वाइन काढून माडाच्या सुरेचा शिरका घातला, मिरची घातली, आणि नाव तेवढे ठेवले. तेच विंदालू. घरच्या स्वयंपाकाला असे वेळ देऊन, आपल्या मर्जीने बदलू दिले तर तो पुष्कळ बदलतो. पाहुण्याने ताटावर बसून सांगितले म्हणून बदलणे निराळे. वहिनींचा कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात डंकावरून कुटून येतो आणि वर्षभर पुरतो. त्याचे प्रमाण त्यांच्या आईचे आहे. तिखट कमी करा म्हणताना आपण नेमके काय कमी करायला सांगतो आहोत, याचा विचार सांगणाऱ्याने करायला हवा.

या विषयाला आपल्याकडे शब्द नाही अशी माझी समजूत होती. पण शब्द आहे, आणि तो दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे: अनुपान. आज आपण तो वैद्याच्या पुडीबरोबर घ्यायच्या मधापुरता वापरतो, पण चरकाने तो अन्नाबरोबरच्या पेयासाठीही वापरला आहे. अनुपान कसे असावे याचे त्याने दोन कस दिले आहेत. ते अन्नाच्या गुणांच्या उलट असावे. आणि शरीराच्या धातूंशी त्याचा विरोध नसावा. पहिला कस आजच्या जाणकारांनाही पटेल: तळलेल्यावर आंबट, तिखटावर जरा गोडसर. मला त्या शब्दातला 'अनु' फार आवडतो. 'अनु' म्हणजे मागून. अन्न पुढे चालते आणि पान त्याच्या मागून येते. वहिनी जे म्हणाल्या ते चरकाच्या शब्दातच आहे.

याचा अर्थ बाटलीने नेहमीच खाली मान घालून यावे असा मी करीत नाही. तिच्यामागेही कुणाचे हात आहेत. नाशिककडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. तेव्हा कुठे जानेवारी ते मार्चमध्ये घड उतरतात. अशा कष्टाची चांगली वाइन तिखटात बुडवून टाकणे हाही एक प्रकारचा उद्धटपणाच. त्यावर तोड वहिनींनीच काढली. पुढच्या पाळीला त्यांनी आपण होऊन विचारले, "भावजी, तुम्ही काय आणताय ते आधी कळवा." त्यांनी शेनिन ब्लां कळवली, आणि वहिनींनी नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा केला. ती जोडी अप्रतिम जमली. पदार्थ त्याही दिवशी वाइनसाठीच बेतला गेला होता. पण या वेळी विचारणारी व्यक्ती चुलीपाशी उभी होती, आणि एवढ्याने सारे बदलले.

आता चरकाचा दुसरा कस. तो अधिक कठीण आहे. आमच्या मेळ्यातले एक जण थेंबही घेत नाहीत. त्यांच्या वडिलांच्या व्यसनात त्यांचे राहते घर गेले. ते कुणाला काही म्हणत नाहीत, बाटली उघडली म्हणून उठून जात नाहीत. पण आमच्यातल्या कुणाला विसर पडला तरी मला पडत नाही, की याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायका मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद करवतात, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ साली उठली तेव्हा दोन्ही बाजूंना दुःखे होती. वाइन म्हणजे दारू नव्हे, हा युक्तिवाद या माणसापुढे करायला मला जीभ उचलत नाही. कांटसारख्या कडक नीतिवाद्यानेही १७९७ साली हा प्रश्न उघडा ठेवला होता, की संभाषण खुलते म्हणून वाइनला किती मोकळीक द्यावी. तो स्वतः मित्रांना रोज जेवायला बोलवी आणि टेबलावर वाइन ठेवी. पण कांटच्या टेबलावर पेला ज्याच्या त्याच्या स्वाधीन असे. आमच्याकडे सारे बोलणेच पेल्याभोवती फिरू लागले होते. अर्धा तास वासांची चर्चा चाले, आणि हे गृहस्थ पाण्याचे फुलपात्र हातात धरून ऐकत बसत. जेवणाच्या धातूंशी नसला तरी पंगतीच्या धातूंशी हा विरोध होता.

इथे जाणकार स्नेह्यांचे मला खरे कौतुक वाटले. कुणी सुचवण्याआधी त्यांनीच हे ओळखले आणि आपली विद्या त्या फुलपात्राकडे वळवली. सुक्या बोंबलाबरोबर सोडा घातलेले कोकम, भरीत-भाकरीबरोबर हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेले पातळ ताक, भरल्या वांग्यांबरोबर कैरीचे कमी गोड पन्हे, असे ते प्रयोग करून पाहू लागले. वाइनइतक्याच गांभीर्याने ते वासही घेतात आणि शेरेही मारतात, आणि पेले सगळ्यांना एकाच तऱ्हेचे, उंच दांडीचे, मांडायला लावतात. तळलेल्या बांगड्याबरोबर त्यांनी तीन बाटल्या आणि एक सोलकढी एका ओळीत ठेवली. सोलकढी पहिली आली. आंबटपणा तेल कापतो आणि नारळाच्या दुधातली चरबी तिखट शमवते, असे त्यांनी कारणही दिले. वाइन न घेणाऱ्या गृहस्थांनी त्यावर ती जरा पातळ झाल्याचे सांगितले, आणि पहिल्यांदाच दोघांचा एखाद्या पेल्यावरून कडाक्याचा वाद झाला.

यंदा दिवाळीचा फराळ एकत्र करायचा आहे. चकली आणि शेव यांच्याबरोबर फेसाळणारी कोरडी वाइन चांगली जाईल यात शंका नाही. खारट, तळलेले आणि कुरकुरीत यांना ती मानवते. करंजीपर्यंतही कसेबसे निभावेल. अनारशापाशी मात्र सारी विद्या थांबते. वाइन पदार्थाहून गोड असावी लागते, नाहीतर ती आंबट लागते, आणि अनारशाहून गोड वाइन आणायची कुठून? तिथे चहा ठेवायचे ठरले आहे. आले घालायचे की वेलदोडे, एवढे अजून ठरायचे आहे.