तानसेत पोहता म्हणून?

उभे राहा. चौघेही. आणि मान वर करून ऐका.

काल कोलाडला कुंडलिका नदीत राफ्ट जरा संथ पाण्यात आली आणि तुम्ही फोटोसाठी लाइफ जॅकेटचे बंद सोडलेत. गाइड ओरडला तर त्याला काय ऐकवलंत? "दादा, आम्ही अंबाडीचे. लहानपणापासून तानसा नदीत पोहतोय." मला शरम वाटली. पोहता येतं याचा एवढा माज? आणि याच तोऱ्यात पुढच्या महिन्यात हिमाचलला बियास नदीत राफ्टिंगला उतरणार?

अरे, वज्रेश्वरीच्या उन्हात तापलेल्या डोहात डुंबणं वेगळं. बियासमध्ये बर्फ वितळून आलेलं पाणी असतं. त्यात पडलात की पहिल्याच मिनिटात छाती आवळते, धाप लागते. तोंड पाण्याखाली असेल तर श्वासाबरोबर पाणीच आत जातं. ते मिनिट निभावलं तरी दहाएक मिनिटांत हातपाय लुळे पडू लागतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही. तेव्हा तोंड पाण्यावर राहतं ते जॅकेटमुळे, आणि तेही घट्ट आवळलेलं असेल तरच. खांद्याला धरून ओढल्यावर ते कानापर्यंत सरकत असेल, तर ते घातलंच नाही असं समजा.

राफ्टमधून पडलात तर काय कराल? बोला! "पाय टेकून उभं राहायचं"? गेलास मग! वाहत्या पाण्यात पाय दोन दगडांत अडकतो आणि मागचा लोंढा तुला तोंडावर आडवा करतो. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. दोर फेकला तर हाताने धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. हे सगळं काल गाइडने सांगितलं, तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून होतात.

८ जून २०१४ ही तारीख वहीत लिहा. मंडी जिल्ह्यात थलौटजवळ, बियासच्या पात्रातल्या खडकांवर हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढत होते. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी आणि सोबतचा सहल नेणारा माणूस वाहून गेले. त्यांनी तर राफ्टिंगही केलं नव्हतं. आणि तुम्ही? तानसा धरण भरलं की काठच्या गावांना सावध राहायला सांगतात, आणि तुम्ही पाणी बघायला पळता! कालचं कुंडलिकेचं पाणीसुद्धा भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेलं होतं. नदी कधी चढणार ते तुम्हाला ठाऊक नसतं, गाइडला ठाऊक असतं. म्हणून त्याचा शब्द पाळायचा.

तुमच्या आयांनी माझ्या भरवशावर संमतिपत्रावर सही केली आहे. ती सही मी वाया जाऊ देणार नाही. शनिवारी सकाळी सातला मैदानावर या. जॅकेट बांधून दाखवायचं, दोर फेकून दाखवायचा. ज्याला जमणार नाही तो बियासच्या काठावर बसेल.

आणि आता हा फोन घ्या. गाइडचा नंबर लावलाय. माफी मागा. एकेकाने, माझ्यासमोर.