वाल्याचे वाटेकरी

कोळसा उगाळावा तितका काळाच, असे आपण म्हणतो. माणसाच्या स्वभावाबद्दल ती म्हण खरी असेलही. पण कोळशावर तिने अन्याय केला आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून शेकडो वर्षांपूर्वी मातीत मिसळलेला कोळसा आजही टिकून आहे, आणि भोवतालच्या निकस जमिनीपेक्षा ती काळी माती कितीतरी पिकाऊ आहे.

मातीत घालण्यासाठी केलेल्या कोळशाला आज बायोचार म्हणतात. त्याचे शास्त्र फळ्यावर सांगता येईल इतके सोपे आहे. झाड हवेतला कर्बवायू घेऊन वाढते. वाळलेली पऱ्हाटी शेतात पेटवली, की तो वायू पुन्हा हवेत जातो. तीच पऱ्हाटी हवा तोडून भाजली, तर तिच्यातला निम्म्याच्या आसपास कर्ब कोळशात अडकतो. १ टन चांगला कोळसा मातीत गेला, तर साधारण २.५ टन कर्बवायू हवेतून काढून घेतल्यासारखे होते.

मात्र भाजण्याची रीत महत्त्वाची. मातीने झाकलेली जुनी धुमसती भट्टी स्वस्त खरी. पण तिच्या धुरातून मिथेन निसटतो आणि कमावलेले बरेचसे गमावले जाते. निमुळता खड्डा खणून वरून जाळ ठेवला, तर तो धूर जाळातच जळतो. खर्च काय तो अंगमेहनतीचा आणि विझवायच्या पाण्याचा. बंद यंत्र सर्वांत स्वच्छ. पण त्याला लाखो रुपये लागतात.

हा खर्च कुणी सोसायचा? कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीत कोळसा लवकर गुण दाखवतो. कापसाच्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत तितका नाही. मग तिथल्या शेतकऱ्याने घाम का गाळावा? याचे उत्तर बाजाराने शोधले आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीशी करार केला : २०३० पर्यंत बायोचारच्या द्वारे १ लाख टन कर्बवायू हवेतून काढल्याचे श्रेय विकत घ्यायचे.

इथे मला वाल्या कोळी आठवतो. ‘माझ्या पापात वाटेकरी कोण?’ असे त्याने घरी विचारले. बायकोमुलांनी हात झटकले, म्हणूनच वाल्याचा वाल्मीकी झाला. त्या वेळी दारात एखादा दलाल उभा असता आणि म्हणाला असता, ‘चिंता नको, एका शेतकऱ्याचे पुण्य ठरल्या भावाने मिळवून देतो,’ तर? वाल्या जन्मभर वाल्याच राहिला असता!

कुणी म्हणेल, हवेला पाप-पुण्य कळत नाही. हिशेब जुळल्याशी कारण. पण हिशेब तरी काय सांगतो? इथे १ टन पुरला आणि तिथे १ टन सोडला, तर हवा होती तिथेच राहिली. पूर्वजांनी आणि आपण आजवर सोडलेल्या धुराचे कर्ज एका पैशानेही फिटले नाही.

तरीही हा व्यवहार मी सरसकट त्याज्य मानणार नाही. त्या पैशाखेरीज अनेक भट्ट्या पेटणारच नाहीत, आणि पऱ्हाटी बांधावर जळत राहील. जो धूर आज प्रयत्न करूनही टाळता येत नाही, त्याच्यासाठी असे श्रेय घेणे मी समजू शकतो. जो टाळता येतो, त्याच्यासाठी नाही. शिवाय राख-धूर अंगावर घेणाऱ्या हातांना त्या किमतीतला न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. नाहीतर एका पापावर दुसरे चढते.

म्हणून विकत घेणाऱ्याला आपण किती टनांचे श्रेय घेतले, हे विचारू नये. गेल्या वर्षीपेक्षा यंदा तुमच्या रांजणात खडे कमी पडले का, एवढेच विचारावे.