सातजणांचा पायथन

कांजूरमार्ग पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आतल्या बाजूच्या जुन्या गाळ्यांमध्ये आता लेथपेक्षा संगणक जास्त दिसतात. अशाच एका दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात एका सीए मॅडमचं ऑफिस होतं. माणसं सात, संगणक सात. महिन्याची ११ तारीख जवळ आली की तिथे कोणी मान वर करत नसे, कारण मागच्या महिन्याच्या विक्रीचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेपर्यंत भरावं लागतं.

पार्ट्या आपली सेल्स रजिस्टरं पाठवायच्या ती ज्याच्या त्याच्या तऱ्हेने. कोणी टॅलीतून काढलेली, कोणी एक्सेलमध्ये हाताने भरलेली. तारखेत कोणी तिरकी रेघ मारणार, कोणी आडवी, आणि एकाच रजिस्टरात दोन माणसांनी काम केलेलं असलं तर दोन्ही. हे सगळं एका साच्यात बसवण्यात ऑफिसचे दोन-तीन दिवस जायचे.

ऑफिसातल्या ताईने ते काम पायथन या संगणकभाषेकडे सोपवलं. ताई भांडुपची, बीकॉम झालेली. कांजूर स्टेशनवरून रिक्षाने पवईकडे निघालं की आयआयटीचं मोठं गेट लागतं. तिथे तयार झालेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे कोणालाही फुकट मिळतात, आणि ताई कॉलेजात असताना त्याच धड्यांवर पायथन शिकली होती. गिडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ मध्ये जगापुढे ठेवलेली ही भाषाही फुकट. ती एका संगणकावर चालवा नाहीतर सातांवर, परवान्याचे पैसे पडत नाहीत.

सात ठिकाणी सात वेळा बसवण्यापेक्षा ताईने पायथन एकदाच, कोपऱ्यातल्या सर्व्हरवर ठेवला. ते फोल्डर सगळ्यांच्या संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसू लागलं. आवृत्ती तिने मुद्दाम ३.८ निवडली. ऑफिसातल्या जुन्या काकांचा संगणक आणि आणखी एक असे दोन अजून विंडोज ७ वर होते, आणि ३.८ च्या पुढचा पायथन विंडोज ७ वर चालत नाही. ताईचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. सगळ्यांसाठी वस्तू आणताना सर्वांत जुनं यंत्र कोणाकडे आहे, हे तिने आधी पाहिलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. झेड ड्राइव्हवर सातही जणांना लिहायची, बदलायची, पुसायची मुभा होती. तशी ती कोणी विचार करून दिलेली नव्हती. फोल्डर उघडताना मिळाली ती तशीच राहिली. आणि हे सगळं कसं चालतं, ते ताईशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षभर सुरळीत चाललं. काम सुरू केलं की पडद्यावर दोन ओळींची एक सूचना यायची: अमुक पद्धत पुढे काढून टाकली जाणार आहे. ज्या ‘पांडाज’ नावाच्या संग्रहावर ताईचं सगळं काम उभं होतं, त्याच्या कर्त्यांनी जानेवारी २०२२ पासूनच ही ताकीद द्यायला सुरुवात केली होती. पण रजिस्टर तर व्यवस्थित तयार होत होतं. रोज दिसणारी सूचना रोजचीच होऊन गेली.

मे २०२३ मध्ये ताई सुट्टी घेऊन देवगडला गेली. दहा तारखेच्या संध्याकाळी आर्टिकलशिप करणारा एक मुलगा उशिरापर्यंत थांबला होता. मुलगा हुशार होता आणि त्याला शिकायची भूक होती. त्याच्या एका प्रयोगाला पांडाजची नवी, एप्रिलमध्येच आलेली २.० मालिका हवी होती. त्याने झेड ड्राइव्हवर एक आज्ञा दिली, आवृत्ती बदलली, स्वतःचा प्रयोग करून पाहिला आणि खुशीत डोंबिवलीची गाडी पकडली.

सकाळी सातही संगणकांवर एकच वाक्य उमटलं: ‘डेटाफ्रेम’मध्ये ‘अपेंड’ नावाचं काही नाही. एका तक्त्याच्या शेवटी दुसरा तक्ता जोडायची जी पद्धत ताईने जागोजागी वापरली होती, ती नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली होती. ताईचा फोन लागेना. मॅडमच्या टेबलावर बावीस पार्ट्यांच्या फायली.

तेव्हा काका उठले. पंचवीस वर्षांत त्यांनी खतावण्या, टॅली, एक्सेल सगळं पाहिलं होतं. त्यांनी रजिस्टरं वाटून दिली, कोणता रकाना कुठे न्यायचा ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना हाताने कामाला लावलं. त्या मुलाने दुपारीच मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “मॅडम, काल रात्री मी अपडेट केलं होतं.” मॅडम म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. आता हातातलं रजिस्टर पुरं कर.” शेवटचं विवरण रात्री अकराच्या सुमारास गेलं.

ताई परतल्यावर तिने झेड ड्राइव्ह उघडला. पांडाजच्या शेजारी अर्धवट नावाचं, पहिल्या अक्षराच्या जागी नागमोडी चिन्ह असलेलं एक फोल्डर पडलेलं होतं. विंडोजवर एखादी फाइल कोणाच्या वापरात असताना तिच्या जागी नवी बसवली, तर जुनीचा अवशेष असा मागे राहू शकतो. म्हणजे मुलाने आवृत्ती बदलली तेव्हा दुसऱ्या कोणाचं तरी काम तिच्यावर चालू होतं.

मॅडमनी तोडगा काढला: यापुढे ज्याचा त्याचा पायथन ज्याच्या त्याच्या संगणकावर. ताईने नवी पद्धत वापरून आपलं काम दुरुस्त केलं आणि सगळ्यांना त्याची प्रत दिली. कोणाकडे नवा पांडाज बसला, कोणाकडे जुनाच राहिला. सगळीकडे काम चालू झालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणाचा कोणाला त्रास उरला नाही. भांडण मिटवायला आपण घराघरांतही हाच उपाय करतो, म्हणून तो सगळ्यांना पटकन पटला.

जूनमध्ये एका पार्टीचं मे महिन्याचं रजिस्टर मुलाने तयार केलं. पडद्यावर एकही चूक दिसली नाही. काकांनी सवयीने पार्टीच्या छापील बिलबुकाशी ताळा घेतला, तर नऊ बिलं कमी. त्यांनी तेच रजिस्टर आपल्या विंडोज ७ वर चालवलं, तर नऊच्या नऊ हजर.

ताईला कारण सापडायला दुपार लागली. वाचता न येणारी तारीख कोरी सोडायची आणि कोऱ्या तारखेच्या ओळी गाळायच्या, असं तिने लिहून ठेवलं होतं; रजिस्टराच्या तळाच्या बेरजा त्यामुळे बाजूला पडायच्या. जुना पांडाज प्रत्येक तारीख स्वतंत्रपणे वाचायचा, त्यामुळे तिरकी रेघ काय नि आडवी काय, दोन्ही चालायच्या. नवा पांडाज पहिल्या तारखेवरून सगळ्या स्तंभाचा साचा ठरवतो. पहिली तारीख तिरक्या रेघेची निघाली, की आडव्या रेघेच्या साऱ्या तारखा त्याच्या लेखी कोऱ्या. आणि कोऱ्या म्हणून गळालेल्या.

तेच रजिस्टर सातही संगणकांवर चालवून पाहिलं. तिघांची बेरीज एक, चौघांची दुसरी. चूक झाल्याचं एकाही यंत्राने सांगितलं नाही.

मला या गोष्टीत मे महिन्यापेक्षा जून महिना जास्त भयंकर वाटतो. मे महिन्यात सातही जण एकाच वेळी अडले, म्हणून सातही जण एकाच वेळी उठले आणि रात्रीपर्यंत एकत्र बसले. जूनमध्ये प्रत्येकजण आपापल्या पडद्यापुढे निर्धास्त होता. एकाकडची बेरीज चुकत होती आणि शेजारच्याला त्याचा पत्ता नव्हता. काकांनी बिलबुक उघडलं नसतं, तर नऊ गिऱ्हाइकांना आपल्या बिलांवरचा कर जीएसटी पोर्टलवर दिसला नसता आणि त्यांनी पार्टीला खोटं ठरवलं असतं.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. ताई म्हणाली, “परत झेड ड्राइव्हवर आणू या.” दुसरी एकजण म्हणाली, “नको ताई, परत कोणीतरी हात लावेल.”

काका म्हणाले, “सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणीही फिरवला तर पाण्याची बोंब होणारच. म्हणून प्रत्येकाने गच्चीवर आपापलं पिंप चढवायचं का? व्हॉल्व्ह कोणाच्या हातात द्यायचा ते ठरवा.”

मॅडमनी मुलाकडे पाहिलं. “तू बघशील?”

“मी? मॅडम, माझ्यामुळेच तर…”

“म्हणूनच. त्या रात्री काय विचारायचं राहून गेलं, ते तुला माहीत आहे. ताई तुला सगळं दाखवेल. म्हणजे ती गावी गेली तरी ऑफिस अडायचं नाही.”

पायथन परत झेड ड्राइव्हवर आला आणि मुलाने ते काम मनावर घेतलं. सर्व्हरवरच्या फोल्डरला त्याने आवृत्तीचं नाव दिलं आणि ते सगळ्यांना फक्त वाचता येईल असं केलं. त्याआधी सगळ्या फाइली एकदा संकलित, म्हणजे कंपाइल, करून ठेवायला तो विसरला नाही. नाहीतर फोल्डरमध्ये लिहिता येत नसल्यामुळे सातही संगणकांनी तेच संकलन दर वेळी नव्याने केलं असतं आणि आधीच नेटवर्कवरून हळू सुरू होणारं काम आणखी रखडलं असतं. तारीख वाचता आली नाही तर ओळ गाळायची नाही, थांबून सांगायचं, असा बदल त्याने ताईकडून करून घेतला. नवी आवृत्ती आणायची तर जुनीला हात न लावता शेजारी दुसऱ्या फोल्डरमध्ये, हेही ठरलं. भरून झालेल्या मागच्या तीन महिन्यांची रजिस्टरं त्या नव्या फोल्डरमधून पुन्हा चालवायची. बेरजा भरलेल्या विवरणांशी पैशापर्यंत जुळल्या, तरच टेबलाटेबलापाशी जाऊन विचारायचं. ऑफिसच्या ग्रुपवर निरोप टाकून तो मोकळा होत नसे. समोर जाऊन विचारायचा, “तुमचं काही चालू आहे का याच्यावर?”

ऑगस्टमध्ये पांडाजची २.१ आली आणि तिने पायथन ३.८ ची साथ सोडली. मुलाला ती हवी होती. काकांचा संगणक अजून विंडोज ७ वरच होता. तो थांबला, आणि नवी यंत्रं का लागतील याचं अर्ध्या पानाचं टिपण त्याने मॅडमना दिलं. दिवाळीच्या आधी दोन नवे संगणक आले. नवं फोल्डर तयार होऊन, तपासून ठेवलेलंच होतं. एकेकजण त्यावर गेला, सगळ्यांत शेवटी काका, स्वतः एका महिन्याचा ताळा घेऊन झाल्यावर.

जुनं फोल्डर मात्र मुलाने डिसेंबरअखेरपर्यंत काढलं नाही. मागच्या आर्थिक वर्षाची वार्षिक विवरणपत्रं ३१ डिसेंबरपर्यंत भरायची होती, आणि त्या वर्षाची सगळी रजिस्टरं त्याच फोल्डरमधून निघालेली होती.