टांगलेली तलवार

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की आधी पळस्पे येतं, मग शिरढोण. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. तिथल्या एका आबांकडे कॉलेजात शिकणारी नात सुट्टीला आली होती. इतिहासाच्या पेपरातल्या जॉन ब्राऊनने तिची झोप उडवली होती.

"आबा, हा माणूस बायबलवर जीव टाकणारा. गुलामगिरी हे पाप आहे आणि ते रक्तानेच धुतलं जाणार, असं मानायचा. १८५६ मध्ये कॅन्ससला त्याच्या टोळीने रात्री पाच जणांना घरांतून बाहेर काढून तलवारींनी तोडलं. पुढे हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेला आणि १८५९ ला फासावर चढला. याला संत म्हणायचं की खुनी?"

आबा सुपारी कातरत होते. "अमेरिकेला नंतर जाऊ. आधी आपल्या गावचा माणूस बघ."

आबा शाळामास्तर होते, त्यामुळे गोष्ट सांगतानाही तारीख सुटत नसे.

"फडके १८४५ चे. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. इथे आई अत्यवस्थ, पण साहेबाने वेळेत रजा दिली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली. मग १८७६-७७ चा दुष्काळ. माणसं अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली. स्वतः दत्तभक्त. लहुजी वस्तादांच्या तालमीत अंग कमावलेलं. त्याच तालमीत जोतीराव फुलेही तयार झाले. तुझ्या अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली. एका वस्तादाचे दोन शागीर्द. एकाने लेखणी धरली, दुसरा तलवार घेऊन अक्कलकोटला गेला."

"स्वामी समर्थांकडे?"

"हो. तलवार स्वामींपुढे ठेवली. त्यांनी उचलून हातात दिली की इंग्रजांविरुद्धच्या उठावाला कौल मिळाला, असं मनात धरून बसले. स्वामींनी ती झाडावर टांगायला लावली! फडके काय ते समजले. अजून वेळ आलेली नाही. तलवार काढून घेतली आणि परतले."

"हे खरंच घडलं?"

"आख्यायिका आहे. पण पुढचं सगळं सरकारदप्तरी आहे. स्वामींनी १८७८ मध्ये देह ठेवला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये फडक्यांनी रामोशी बांधवांना घेऊन शिरूरजवळचं धामारी लुटलं. सैन्य उभारायला पैसा हवा होता. सावकारांनी दारात उभं केलं नाही, म्हणून दरोडे. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले. चिखली लुटली, पळस्पे लुटलं."

"पळस्पे? हे आपलं?"

"हेच. लाख-दीड लाखाची लूट झाली म्हणतात. परतताना इंग्रज फौजेने गाठलं, त्यात दौलतराव पडले. उठाव इंग्रजांविरुद्ध, पण धाड पडली ती आपल्याच माणसांच्या घरावर. फडक्यांच्या जन्मगावाच्या शेजारी!"

नात जरा गप्प झाली. "म्हणजे ब्राऊन आणि फडके एकाच माळेचे."

"इतकी घाई नको. ब्राऊनला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण देवाच्या हातातलं हत्यार आहोत. फडक्यांचं आत्मचरित्र वाच. आपल्या माणसांचा डोळा देशापेक्षा लुटीवर आहे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याच धामधुमीत ते श्रीशैलाला मल्लिकार्जुनाच्या पायी देह ठेवायला गेले. हातून काम झालं नाही, याचा जाब त्यांनी पहिल्यांदा स्वतःला विचारला. मग पुन्हा उठले, रोहिल्यांची फौज जमवायला निघाले आणि जुलैमध्ये पकडले गेले. खटल्यात सार्वजनिक काका वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी जन्मठेप टळली नाही."

"मग आबा, स्वामींचं बरोबर होतं का?"

"ते मी कोण ठरवणार? दुष्काळ खरा होता आणि फडक्यांचा संतापही खरा होता. इंग्रजांनी माणसं उपाशी मारली, याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण पळस्प्याची लूट मी देवाच्या नावावर मांडू देणार नाही. तलवार झाडावर होती, खाली काढली ती माणसाने. त्या काढण्याचा हिशेबही त्याच माणसाने द्यायचा. फडक्यांनी तो दिला, म्हणून मी त्यांना मानतो. उद्या कुणी देवाचं नाव घेऊन तुझ्या हातात दगड दिला, तर आधी विचार, लागणार कुणाला?"

फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. वय ३७.